फक्त दिलेल्या माहितीवरून

ॲप्टिट्यूड टेस्टच्या जगात माणसांना आडनावं नसतात. पी, क्यू, आर, एस, टी, यू, व्ही आणि डब्ल्यू असे आठ जण गोल टेबलाभोवती बसलेले असतात. काहींची तोंडं आत असतात, काहींची बाहेर. टेबलाकडे पाठ करून बसतं कोण, असं विचारायचं नसतं. टी हा क्यूच्या डावीकडून तिसरा असतो, पण क्यू कुठे आहे ते कुणी सांगत नाही. आरला निळा रंग आवडतो, एस डॉक्टर नसतो, आणि यांच्यातलं कुणीतरी मंगळवारी पुण्याला जातं. कुणाला उशीर होत नाही, कुणी रुसून उठून जात नाही. आणि सगळी माहिती नीट लावली, तर एकच उत्तर निघतं.

मी या जगात २०१८ साली राहायला गेलो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, ऑगस्टपासून कंपन्या कँपसवर यायला लागल्या होत्या. प्रत्येक कंपनीची पहिली पायरी म्हणजे ऑनलाइन टेस्ट. चार वर्षं शिकलेलं कुणी विचारायच्या आधी हे आठ जण विचारले जायचे. आर. एस. अग्रवाल यांचं रीझनिंगचं जाडजूड पुस्तक आमच्या मजल्यावर एकच होतं, म्हणून आम्ही ते ब्लेडने तीन ठिकाणी कापलं होतं. एकाच वेळी तिघं तीन खोल्यांत अभ्यास करायचे. माझा रूममेट जळालेली मोटर स्वतः रिवाइंड करायचा, मेसचा मिक्सरसुद्धा त्यानेच दोनदा जिवंत केला होता. चार कंपन्यांत तो पहिल्याच तासाला बाहेर पडला. मी तिसऱ्या कंपनीत आत गेलो. मला मोटर उघडता येत नव्हती, पण टी कुठे बसलाय ते मी दीड मिनिटात सांगू शकत होतो.

नोकरी लागल्यावर पुस्तकाचा माझा तुकडा मी ज्युनिअरला दिला आणि विषय संपला असं धरून चाललो. गेल्या वर्षी तो परत आला, मामेबहिणीमुळे. तिचं नाव लिहायचं नाही असं तिने बजावलंय, कारण अभ्यासिकेतल्या मुली हे वाचतील. ती सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसते आणि बँकेच्या परीक्षा देते. गेल्या वेळी क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत ती सव्वा गुणाने राहिली. शंभर प्रश्न, शंभर गुण, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे चुकलेला एकच प्रश्न बरोबर आला असता तर ती आत असती. मामांनी आता दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. पुढे काय, ते घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. पण टीव्हीखालच्या कपाटात दोन बायोडेटा आहेत, हे तिला माहीत आहे.

तर रोज रात्री साडेनऊला तिचा व्हॉट्सॲपवर कॉल येतो. आधी वहीच्या पानाचे फोटो येतात, मग ती विचारते, "दादा, हे कसं काय?"

रीझनिंगचे पस्तीस प्रश्न वीस मिनिटांत. एका प्रश्नाला साधारण चौतीस सेकंद. यातच सगळं आलं. मुलं हुशार आहेत की नाहीत हे चौतीस सेकंदांत कळत नाही. त्यांनी हा प्रकार आधी किती वेळा पाहिलाय, ते कळतं.

पहिला मोठा वाद झाला तो रक्ताच्या नात्यांवर. प्रश्न असा होता: क्यू ही पीच्या वडिलांच्या बहिणीच्या नवऱ्याची बहीण आहे, तर क्यू ही पीची कोण? पर्याय चार होते: आत्या, मावशी, आई, सांगता येत नाही. तिने टिक केलं, आई. उत्तर होतं, सांगता येत नाही. पाव गुण गेला.

"पण दादा, आपल्या घरात आईच आहे ना!"

खरं आहे ते. आमच्या घरात साटंलोटं झालंय. माझ्या वडिलांची बहीण माझ्या आईच्या भावाला दिली. त्यामुळे माझी आत्या हीच माझी मामी, आणि ही बहीण एकाच वेळी आतेबहीण आणि मामेबहीण. तिच्या वडिलांची बहीण म्हणजे माझी आई, आईचा नवरा म्हणजे माझे वडील, आणि त्यांची बहीण म्हणजे तिची आई. माझ्या बाजूने मोजलं तरी उत्तर तेच येतं. प्रश्न वाचताना तिने काही कल्पना केली नव्हती, तिने फक्त घर मोजलं होतं. (आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची, असं म्हणणारे अजून आहेत. पाचवीत असल्यापासून मला दादा म्हणून तिने तो विषय निकालात काढलाय.)

पेपर काढणाऱ्याचं चुकलं का? अजिबात नाही. दिलेल्या माहितीवरून खरंच काही सांगता येत नाही. पण हा प्रकार इंग्रजीत तयार झालाय हेही खरं. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, मावशीचे यजमान सगळे एका पोत्यात जातात, कझिन म्हटलं की आठ प्रकारची भावंडं एका ओळीत उभी राहतात. म्हणून तिथे कोडं तयार होतं. मराठीत नात्याच्या शब्दातच वाट लिहिलेली असते. 'मामेभाऊ' म्हटलं की आई, तिचा भाऊ, त्याचा मुलगा, तिन्ही पायऱ्या आल्याच. साडू, व्याही, जाऊ, नणंद या शब्दांना इंग्रजीत अख्खं वाक्य लागतं. माझी आजी असे प्रश्न कागदाशिवाय सोडवते, आणि वर त्या बाईचं माहेर कुठलं हेही विचारते. म्हणूनच मराठीतल्या पेपरात 'मामा' असं सरळ लिहिता येत नाही, 'आईचा भाऊ' असं उलगडून लिहावं लागतं. नाहीतर कोडं उरतच नाही.

त्यात आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. सून सासूला आत्याबाई म्हणते, सासऱ्याला मामंजी. म्हणजे नात्यांची ही अदलाबदल भाषेने कधीच गृहीत धरलीय. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात येतो. वरच्या अंगाला असलं लग्न निषिद्ध, खालच्या अंगाला ते पसंतीचं, आणि आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकताना फॅमिली ट्री हे झाडाचं ठरलेलं उदाहरण असायचं. झाडात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच वाट असते, अशी त्याची व्याख्या. आमच्या घरात मामेबहिणीपर्यंत जायला दोन वाटा आहेत. आमचं झाड नाही, जाळं आहे. परीक्षेला मात्र झाडच काढायचं.

मी तिला सांगितलं, पेपर हातात आला की घर विसरायचं. ती म्हणाली, "विसरून कसं चालेल, नाती तर घरातच शिकले ना मी."

सिलॉजिझममध्ये हे विसरणं अजून अवघड होतं. सर्व पेनं टेबलं आहेत. काही टेबलं आंबे आहेत. तर काही पेनं आंबे असण्याची शक्यता आहे का? (आहे.) सूचना वर ठळक अक्षरांत छापलेली असते: विधानं सर्वज्ञात सत्याशी विसंगत वाटली तरी ती खरी माना. वर्तुळं काढली की आठवडाभरात हात बसतो. पण सुरुवातीला मेंदू आडमुठा होतो, आणि तो मेंदूचा दोष आहे असं मला वाटत नाही.

अलेक्झांडर लुरिया नावाचे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले होते. शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी असेच प्रश्न विचारले. उत्तरेला बर्फाच्या प्रदेशात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक बेट त्या प्रदेशात आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? बऱ्याच जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. मी तिथे गेलेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा, असा त्यांचा सूर होता. हीच माणसं आपल्या शेतीबद्दल, आपल्या भागाबद्दल अगदी काटेकोर तर्क करत होती. आणि थोडंफार शिकलेल्यांना अस्वलाचं उत्तर लगेच देता येत होतं. म्हणजे तर्क सगळ्यांकडे होता. समोरच्याने सांगितलेलं, न पाहिलेलं, तात्पुरतं खरं धरायचं ही सवय शाळेने लावली होती. मी हे वाचलं तेव्हा मला त्या शेतकऱ्यांचं म्हणणं जास्त पटलं, पण त्यांच्यातला एकही जण बँकेची पूर्वपरीक्षा पास झाला नसता.

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाच्या पाच पायऱ्या आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग असते, जशी स्वयंपाकघरात. डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. तिसऱ्या पायरीवर स्वयंपाकघर यावंच लागतं. सगळ्यांनी पाहिलेलं काहीतरी दाखवल्याशिवाय वाद पुढे जात नाही. सिलॉजिझममधून नेमकं हेच स्वयंपाकघर काढून टाकलंय. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझं पोट त्यावरच चालतं. कोडमध्येही व्हेरिएबलला स्वयंपाकघर नसतं. पण तर्क करायचा हा एक प्रकार झाला, तर्क म्हणजे एवढंच नव्हे.

गंमत म्हणजे हा 'शुद्ध' तर्कही सगळीकडे सारखा नाही. सर्व ए बी आहेत, मग काही ए बी आहेत का? बँकेच्या परीक्षेत उत्तर होय. आम्हाला दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्समध्ये शिकवलं होतं की नाही. कारण ए नावाचं जगात काही नसेलच, तर 'सर्व' म्हणणं खरं ठरतं आणि 'काही' म्हणणं खोटं. माझ्या घरातले सगळे हत्ती पांढरे आहेत हे गणिताच्या दृष्टीने खरं आहे. माझ्या घरात काही पांढरे हत्ती आहेत, हे खोटं. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली जुनी पद्धत एक, गेल्या दीडशे वर्षांतली गणिती पद्धत दुसरी. परीक्षा जुनी पाळते. तसंच 'ओन्ली अ फ्यू'. बँकेच्या पेपरात त्याचा अर्थ ठरलेला आहे: काही आहेत आणि काही नाहीत. हे तर्काने कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. ज्याच्याकडे क्लासची फी आहे त्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. माझ्या बहिणीला हे तिसऱ्या मॉक टेस्टनंतर कळलं, आणि तोवर ती स्वतःला मठ्ठ समजत होती.

मी या लेखात फार चिडलेला वाटतोय का? कोडी मला आवडतात, हेही सांगतो. पाच घरांचं जे कोडं आइनस्टाइनच्या नावावर फॉरवर्ड होतं, फक्त दोन टक्के लोकांना सुटतं म्हणून, ते १९६२ च्या डिसेंबरात 'लाइफ इंटरनॅशनल' या मासिकात छापून आलं होतं. आइनस्टाइनने ते केल्याचा काही पुरावा नाही, आणि दोन टक्क्यांचाही नाही. पाच घरं, पाच रंग, पाच देशांची माणसं, त्यांची पेयं, सिगारेटी आणि पाळीव प्राणी, आणि प्रश्न हा की झेब्रा कुणाचा? आंधळेपणाने लावत बसलात तर २,४८८ कोटींहून जास्त रचना होतात, आणि माणूस कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात नेमकी एक शोधतो. ज्या क्षणी एक दुवा बसतो आणि बाकीचे पटापट पडत जातात, त्या क्षणाची मजा मी नाकारणार नाही. आपले आठ जण आत-बाहेर तोंडं करून बसवायचे तर १२ लाख ९० हजार २४० प्रकार होतात. एका रात्री मी पायथनमध्ये चाळीसेक ओळी लिहून तिच्या वहीतलं कोडं सोडवून दाखवलं. एंटर दाबलं आणि चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर आलं.

ती म्हणाली, "मग बँक कॉम्प्युटरलाच का घेत नाही?"

मी विषय बदलला.

डावं-उजवं हा तिचा खरा घात होता. दोन ओळी समोरासमोर, पहिलीची तोंडं दक्षिणेला, दुसरीची उत्तरेला. माझा उजवा तो समोरच्याचा डावा. दर वेळी मनात वळायचं, आणि वळताना पाच-सात सेकंद जायचे. क्लासवाले बाण काढायला सांगतात. मीही बाणच शिकवत होतो. मग एका रात्री तिने पाठवलेल्या फोटोत बाण नव्हते. प्रत्येक नावापुढे एक छोटं गोल होतं आणि गोलाच्या एका बाजूला ठिपका.

"हे काय?"

"पंगत."

गोल म्हणजे पान आणि ठिपका म्हणजे चटणी. चटणी, लोणचं, कोशिंबीर पानात डावीकडे वाढतात, जेवणारा कुठेही तोंड करून बसलेला असो. ठिपका कुठे आहे ते पाहिलं की डावीकडे कोण बसलंय ते कळतं. वळायची गरज नाही. लग्नात वाढायला उभं राहिलेल्या कुणालाही हे हाताला माहीत असतं, दोन्ही ओळींत चटणी उलटसुलट बाजूला पडते आणि तरी डावीकडेच पडते. गोल टेबलावर, बाहेर तोंड करून बसलेल्यांनाही हे चालतं. आता मी स्वतः तसंच काढतो. २०१८ मध्ये हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिने मी तिला घर विसरायला सांगत होतो, आणि तिचा वेग वाढला तो घर पेपरात घुसवून. त्या रात्री पहिल्यांदा सीटिंग अरेंजमेंटचे पाचही प्रश्न तिने चार मिनिटांच्या आत सोडवले.

नोकरीत मला आजवर एकदाही पूर्ण माहिती मिळालेली नाही. रिक्वायरमेंट म्हणून जे येतं त्यात तिसरा मुद्दा पाचव्याशी भांडत असतो, आणि सहावा मुद्दा कुणीतरी मीटिंगमध्ये तोंडी बोललेला असतो. अशा वेळी डोकं लावत बसणाऱ्याची रात्र वाया जाते. फोन करून "तुम्हाला नक्की काय हवंय?" असं विचारणारा सुटतो. विचारायची मुभा नसलेली परिस्थिती मी फक्त परीक्षेत पाहिली. एक सवय मात्र त्या आठ जणांनीच लावली हे मान्य: रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की लॉगमध्ये प्रत्यक्ष काय लिहिलंय आणि त्यात आपण मनाने काय घातलंय, हे वेगळं ठेवता येतं. एवढ्यासाठी कुणी दिवाळीपर्यंतची मुदत द्यावी का, ते मला ठरवता येत नाही.

गाळणी लागतेच, हेही कळतं. लाखो अर्ज आणि काही हजार जागा, सगळ्यांना मोटर रिवाइंड करायला लावता येत नाही. पण गाळणीला गाळणीच म्हणावं. तिला 'ॲप्टिट्यूड' म्हटलं की राहिलेल्या मुलीला वाटतं, आपल्यात उपजतच काही कमी आहे. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅट आणली, २०१४ मध्ये हिंदी आणि इतर भारतीय भाषांतून परीक्षा देणारी मुलं त्याविरुद्ध दिल्लीच्या रस्त्यावर उतरली, आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांनी पास होण्यापुरता उरला. पुढे एमपीएससीनेही तेच केलं. बँकेच्या परीक्षांत तसं काही झालेलं नाही. क्लार्कसाठी मराठी माध्यम घेता येतं, पण सरावाचं बरंचसं साहित्य हिंदी आणि इंग्रजीतच आहे. त्यामुळे माझी बहीण शिकते हिंदीतून, सोडवते इंग्रजीतून आणि भांडते मराठीतून.

तिची परीक्षा येत्या शनिवारी आहे, कोल्हापूरला, सकाळची शिफ्ट. मामा तिला मोटरसायकलवरून सोडणार आहेत. परवा त्यांचाच फोन आला होता. सेंटर कुठे, किती वाजता आत सोडतात, आधार कार्डाची झेरॉक्स लागते का, सगळं विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "आत विचारतात तरी काय रे एवढं?"

मी म्हटलं, "मामा, आठ माणसं दिलेली असतात. कोण कुणाशेजारी बसलंय ते सांगायचं."

"कुणाच्या लग्नात?"

मी हसलो, ते हसले नाहीत. ते खरंच विचारत होते. मग म्हणाले, पावसाचं काही सांगता येत नाही, त्यापेक्षा पहाटेच्या एसटीनेच जातो.